विश्वास मनापासून आहे, मग एकाच मंडळीला बांधून घ्यायलाच हवं का?

सप्रेम जय ख्रिस्त.

तुम्ही जे विचारलंत ते मला समजलं ते असं. तुम्ही मूळचे नगर जिल्ह्यातले, ख्रिस्ती घरात वाढलेले. नोकरीसाठी हिंजवडीला आलात, आणि इथे एकटे राहत असताना आईवडिलांचा विश्वास पहिल्यांदा तुमचा स्वतःचा झाला. रोज शास्त्र, म्हणजे बायबल, वाचता, प्रार्थना करता, रात्री यूट्यूबवर संदेश ऐकता. रविवारी कधी या चर्चला जाता, कधी त्या, आणि रात्रपाळी असली की खोलीवरच मोबाइलवर उपासना लावता. गावच्या मंडळीत, म्हणजे तिथल्या चर्चमध्ये, कारभार पाहणाऱ्या पंचकमिटीची भांडणं लहानपणापासून पाहिलीत, म्हणून कुठेही नाव नोंदवायला मन घेत नाही. तेव्हा प्रश्न असा, की ख्रिस्तावर पूर्ण मनाने विश्वास असताना एका स्थानिक मंडळीला बांधून घेणं गरजेचं आहे का, आणि असेल तर किती?

खेड्यातल्या आणि शहरातल्या मराठी मंडळ्यांची पाळकी करण्यात माझं आयुष्य गेलं. हा प्रश्न माझ्याकडे अनेक तरुणांनी आणला आहे. आणणारे बहुतेक जण आळशी किंवा थंड नव्हते. उलट ज्यांना प्रभूची खरी ओढ लागली होती, त्यांनाच मंडळीतला कोरडेपणा जास्त टोचत होता. म्हणून तुमच्या प्रश्नाकडे मी बंडखोरी म्हणून पाहत नाही.

आधी एक गाठ सोडवू. तारण, म्हणजे पापातून सुटका, मंडळीच्या रजिस्टरात नाव असण्यावर अवलंबून नाही. वधस्तंभावर प्रभूच्या शेजारी असलेल्या चोराचा बाप्तिस्मा झाला नव्हता, त्याने एकही रविवार पाळला नव्हता, तरी सुखलोकाचं वचन त्याला त्याच दिवशी मिळालं. कोणी पाळक तुम्हाला सांगत असेल की आमच्या मंडळीत आला नाहीत तर तारण नाही, तर तिथून निघा. पण तुम्ही तारणाबद्दल विचारत नाही आहात, असं मला वाटतं. तुमचा खरा प्रश्न हा आहे, की ज्यांना मी निवडलं नाही, ज्यांच्यातली बरीच माणसं मला आवडत नाहीत, त्यांच्याशी बांधून न घेता देवावर पूर्ण मनाने प्रीती करता येईल का? माझं उत्तर, फार काळ नाही. का ते सांगतो.

सर्वांत मोठी आज्ञा कोणती असं विचारलं तेव्हा प्रभूने पूर्ण मनाने, पूर्ण जिवाने देवावर प्रीती करण्याची आज्ञा सांगितली आणि न विचारताच तिला शेजाऱ्यावरच्या प्रीतीची दुसरी आज्ञा जोडली. विचारणाऱ्याने एकच मागितली होती. पुढे योहानाने आपल्या पहिल्या पत्रात तेच जास्त कडक शब्दांत मांडलं. डोळ्यांना दिसणाऱ्या भावावर ज्याची प्रीती नाही, त्याची न दिसणाऱ्या देवावर कशी असेल? आता नव्या करारातल्या पत्रांमधल्या आज्ञा जरा या नजरेने वाचा. एकमेकांची ओझी वाहा, एकमेकांना क्षमा करा, एकमेकांचं सहन करा, एकमेकांसाठी प्रार्थना करा. बंद खोलीत मोबाइलसमोर बसून यातलं एकही पाळता येत नाही. संदेश कितीही उत्तम असला तरी तो देणारा तुम्हाला ओळखत नाही. गेले दोन महिने तुमचा चेहरा उतरलेला आहे, हे त्याला दिसत नाही. तुम्ही कोणाचे पैसे बुडवलेत, कोणाशी बोलणं टाकलंत, हे तो विचारणार नाही. आवडलं नाही की तुम्ही त्याला अंगठ्याने पुढे सरकवता. तुम्ही ऐकता त्यातले कित्येक उपदेशक माझ्यापेक्षा चांगलं बोलतात, त्यांच्यावर माझी काही तक्रार नाही. पण ऐकणं म्हणजे सहभागिता नव्हे. नुसतं ऐकत राहिलेल्या माणसाचा विश्वास हळूहळू मतांचा गठ्ठा होतो, हे मी पाहिलं आहे. त्याला इतरांच्या शिकवणीतल्या चुका लगेच दिसू लागतात, आणि कोणासाठी अर्धा तास थांबणं मात्र जड जातं.

भांडणांबद्दल. पौलाने ज्यांना पत्रं लिहिली त्या मंडळ्या आपल्यापेक्षा बऱ्या नव्हत्या. करिंथात तट पडले होते, एक म्हणे मी पौलाचा, दुसरा म्हणे मी अपुल्लोसाचा. प्रभूच्या मरणाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षरस घेतात त्या प्रभुभोजनाला जमल्यावर काही जण आधीच खाऊन-पिऊन घेत आणि गरीब उपाशी राहत. भाऊ भावाला कोर्टात खेचत होता. फिलिप्पैच्या मंडळीवर तर पौलाचा किती जीव! तिथेही युवदीया आणि सुंतुखे या दोन बहिणींचं जमत नव्हतं, आणि पौलाने भर पत्रात दोघींची नावं घेऊन त्यांना एकचित्त होण्याची विनंती केली. हे पत्र सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं गेलं असणार. तरी अशा मंडळ्या सोडून एकेकट्याने देवाला भजावं, असा सल्ला पौलाने कुठेही दिला नाही. त्याने त्या बिघडलेल्या मंडळ्यांनाच ख्रिस्ताचं शरीर म्हटलं.

इथे कोणीतरी चौकटीबाहेर पडलेल्यांचे दाखले म्हणून कवी नारायण वामन टिळकांचं आणि पंडिता रमाबाईंचं नाव काढतंच. ते काढायलाही हवं. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 साली झाला. त्यांनी अमेरिकन मराठी मिशनमध्ये अनेक वर्षं काम केलं, आणि 1917 साली मिशनचा पगार सोडून 'देवाचा दरबार' सुरू केला. मिशनच्या चौकटीत त्यांचा जीव गुदमरत होता, हे खरंच आहे. पण पगार सोडल्यावर त्यांनी काय उभं केलं ते पाहा. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त एकत्र राहतील अशी बंधुता! ते एकटे होऊन बसले नाहीत, त्यांना आणखी मोठं कुटुंब हवं होतं. रमाबाईंचंही तसंच. 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि तिथल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी शिकवणीवरून त्यांचे पत्रांतून खटके उडाले. कोणत्याही एका पंथाच्या अधिकाराखाली जायला त्यांचा ठाम नकार होता. पण केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्या दुष्काळातून वाचवलेल्या शेकडो मुली-बायकांबरोबर जगल्या, त्यांच्याबरोबर रोज उपासनेला बसल्या, त्यांच्या आजारपणात आणि रागालोभात सापडल्या. पंथाची पाटी त्यांनी नाकारली, माणसांची बांधिलकी वाढवली. या दोघांचा दाखला देऊन रविवारी घरी बसणाऱ्याने त्यांचं अर्धंच आयुष्य वाचलेलं असतं.

मंडळी म्हणजे काय हे मला संदेशापेक्षा इतर वेळी जास्त कळलं. पिंपरीत एका कारखान्यात काम करणारा एक मुलगा आमच्याकडे उपासनेला येऊ लागला होता. तोही गावाकडचा. वडिलांना उपचारासाठी त्याने खोलीवर आणलं होतं, आणि एका रात्री ते तिथेच गेले. त्याने एकालाच फोन केला. उजाडेपर्यंत दोघे जण मृत्यूच्या दाखल्याच्या मागे लागले होते, एक जण कबरस्थानातल्या जागेचं पाहत होता, महिला मंडळातल्या बायका त्याच्या आईला धरून बसल्या होत्या, आणि कोणीतरी पातेलंभर चहा आणला होता. त्या इमारतीला लिफ्ट नव्हती. चौथ्या मजल्यावरून पेटी जिन्याने उतरवायची म्हणजे प्रत्येक वळणावर ती जवळजवळ उभी करावी लागते, आणि सगळं वजन खालच्या दोघांवर येतं. त्या दोघांपैकी एक जण आधीच्या वार्षिक सभेत हिशेबावरून इतका तावातावाने भांडला होता, की मी सभा तहकूब केली होती. त्याच माणसाने त्या दिवशी खांदा सोलेपर्यंत पेटी धरली. तुम्ही मंडळीची भांडणं पाहिलीत ती सभेतली. सभा वर्षातून एक-दोनदा असते. जिन्यातली मंडळी पाहायला तुम्ही आत असावं लागतं.

दुसरी गोष्ट याहून साधी. प्रभुभोजनाच्या आदल्या संध्याकाळी आमच्या मंडळीत एक वयस्कर बाई मनुका भिजत घालतात, उकळतात, पातळ कापडातून रस गाळून काढतात. मग काचेचे ते इवलेसे पेले गरम पाण्यात एकेक करून धुतात. साबण लावत नाहीत, कारण वास राहतो. पांढऱ्या कापडावर पालथे घालतात, आणि ट्रेमध्ये लावताना टवका उडालेला पेला बाजूला काढतात. कोणी नवीन तरुण किंवा तरुणी मंडळीत आली आणि सेवा करायची इच्छा दाखवली, तर मी त्यांना आधी या बाईंच्या हाताखाली देतो. माइक देत नाही, क्वायरमध्ये उभं करत नाही. पेले धुता धुता त्यांना कळतं, कोण आजारी आहे, कोणाची नोकरी गेली, कोणाच्या घरी सून नांदत नाही. रविवारी ट्रे पुढे येतो तेव्हा ते रांगेतल्या माणसांना ओळखत असतात. प्रभुभोजनाबद्दल मी कितीही उपदेश केले असते तरी हे शिकवता आलं नसतं.

आता हे सगळं परिस्थितीवर कुठे अवलंबून आहे ते सांगतो, कारण सगळ्यांना एकच माप लावता येत नाही. ज्याचा जन्म ख्रिस्ती घरात झालेला नाही आणि ज्याच्या विश्वासाची घरच्यांना कल्पना नाही, त्याला दर रविवारी उघडपणे या असं मी सांगत नाही. अशा माणसाला दोन-तीन विश्वासणाऱ्यांची घरातली संगत हीच मंडळी असते, आणि पहिल्या शतकातल्या कितीतरी मंडळ्या घरांतच भरत होत्या. अंथरुणाला खिळलेल्यांनी मंडळीकडे यायचं नसतं, मंडळीने त्यांच्याकडे जायचं असतं. त्यांच्यासाठी मोबाइलवरची उपासना ही मोठी देणगी आहे. तुमच्यासारख्या पाळीच्या नोकरीवाल्यांची अडचणही खरी आहे. पण तुमच्याबाबतीत अडचण वेळेची कमी आणि विश्वास टाकण्याची जास्त आहे, असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं.

सगळीच भांडणं सोसायची असतात, असं माझं म्हणणं मुळीच नाही. पदं जुनीच म्हणतात, पाळक लांबण लावतात, अमक्याच्या घरातलेच पंच निवडून येतात, या गोष्टी सोसण्यासारख्या आहेत आणि आत राहून थोड्याफार बदलतात. जातीवरून किंवा गावकीवरून कोणाला प्रभुभोजनात, लग्नात, कबरस्थानात मागे ठेवलं जात असेल तर ते सोसायचं नाही. नाव घेऊन बोलायचं, तेही आतूनच, कारण बाहेरच्याचं कोणी ऐकत नाही. आपल्या मंडळ्यांमध्ये हे दुखणं जुनं आहे. ते नाकारणाऱ्या पाळकांमुळे आपली कितीतरी चांगली मुलं आपल्यापासून तुटली. पैशांचा हिशेब मागूनही दाखवत नसतील, पाळक स्वतःला वचनाच्या वर समजत असतील, आशीर्वादाच्या बदल्यात अर्पण मागत असतील, तर तिथून बाहेर पडणं योग्य आहे. आणि बाईवर किंवा मुलावर हात टाकला गेला असेल तर ते प्रकरण पंचकमिटीच्या सभेत मिटवायचं नसतं. आधी पोलिसांकडे जायचं. मंडळीची अब्रू जाईल म्हणून गप्प राहा असं सांगणारा प्रभूच्या नावाने बोलत नाही.

तर पुण्यात मंडळी निवडायची कशी? मी पहिल्यांदा अंतर बघायला सांगतो. पुष्कळांना हे कमीपणाचं वाटतं, पण अनुभव असाच आहे. गुरुवार पेठेतल्या पवित्र नाम देवालयात उपासनेला बसलं की मन भरून येतं. पण हिंजवडीहून तिथे तुम्ही पावसाळ्यात किती वेळा जाल? आणि तिथलं कोणी आजारी पडलं तर कामावरून सुटल्यावर डबा घेऊन पोहोचाल का? वाकड, चिंचवड, पिंपरी, सांगवी या भागात जी मंडळी अर्ध्या तासाच्या आत आहे, तिथून सुरुवात करा. मग शिकवण पाहा. तिथे शास्त्र वाचून समजावून सांगतात की नुसतं यशाचं बोलतात? ख्रिस्ताचा वधस्तंभ आणि पश्चात्ताप यांचा उल्लेख होतो की नाही? हिशेब वर्षातून एकदा तरी सगळ्यांसमोर येतो का? आणि उपासनेनंतर तिथल्या म्हाताऱ्या माणसांशी कोण बोलतं, तेही पाहा. माझ्या मते मंडळीची तब्येत त्यावरून चटकन कळते.

भाषेचा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण तो आत आहे. ऑफिसमधले मित्र इंग्रजी उपासनेला जातात, तिथे तुमच्या वयाची माणसं असतात. तिकडे गेलात तर पाप नाही. पण तुम्ही पहिली प्रार्थना मराठीत शिकलात, 'उपासना संगीत' या पदांच्या पुस्तकातली टिळकांची पदं तुम्हाला पाठ आहेत, आणि दुःखात तोंडी तीच येतील. शिवाय मराठी मंडळ्यांना तुमच्यासारखे शिकलेले, शास्त्र वाचणारे तरुण हवे आहेत. मुलांच्या रविवारच्या शब्बाथशाळेला शिक्षक मिळत नाहीत, ही आज जवळपास प्रत्येक पाळकाची तक्रार आहे. तुम्हाला जिथे जास्त मिळतं ती मंडळी की जिथे तुमची जास्त गरज आहे ती, यात मी दुसरीकडे झुकतो. एक अट मात्र आहे. तिथे वचन खरं सांगितलं जात असलं पाहिजे. नाहीतर तुम्हीच वाळून जाल.

एकदा ठरवलं की वर्षभर तीच मंडळी. अधूनमधून दुसरीकडे 'चव बदलायला' जाणं बंद. सुट्टीचा वार बदलता येत नसेल तर पाळकसाहेबांना आधीच सांगा, की दोन रविवार सकाळची पाळी असते, येता येणार नाही, पण बुधवारच्या घरगुती प्रार्थनेला येईन. न येण्याचं कारण माहीत असलं की कोणी वाईट मानत नाही. एक काम उचला, छोटं आणि नियमित. खुर्च्या लावणं, साउंड सिस्टिम, शब्बाथशाळेची मुलं रस्त्यापलीकडे नेऊन सोडणं, काहीही. कमिटीत उभं राहायला कोणी सांगेल, कारण शिकलेला तरुण दिसला की लगेच सांगतात. तेवढं निदान पहिली दोन वर्षं टाळा. माणसांवर प्रीती बसायच्या आत पद मिळालं की सभेतली मंडळीच तेवढी दिसत राहते.

अर्पणाबद्दल स्पष्ट बोलतो. दशांश हा अनेक घरांत चालत आलेला चांगला नेम आहे. पण तुमच्यावर कर्ज असेल, गावी आईवडिलांचा खर्च असेल, तर तुम्ही कमी रकमेने सुरुवात केली म्हणून देव रागावणार नाही. रक्कम आधी ठरवा, पगार झाला की बाजूला काढा, आणि ती इकडेतिकडे न वाटता मुख्यतः आपल्या मंडळीत द्या. पाळकांचा पगार, विजेचं बिल, विधवांची मदत, गळकं छप्पर हे सगळं त्याच पेटीतून जातं. ऑनलाइन उपदेशकाला पैसे पाठवणं सोपं असतं, आणि तिथे तुमच्या पाचशे रुपयांचं काय झालं हे विचारायची सोयच नसते. इथे वार्षिक सभेत उभं राहून विचारता येतं. विचाराच.

'किती बांधून घ्यायचं' याला माझं उत्तर एवढंच, की तुम्ही सलग दोन रविवार दिसला नाहीत तर कोणीतरी फोन करेल, इतकं तरी. आणि कोणी दिसलं नाही तर तुम्ही फोन कराल, इतकं. यापेक्षा जास्त बांधिलकी आपोआप वाढते, ती मागावी लागत नाही. उलट कोणी पाळक तुमच्या लग्नाचे, नोकरीचे, घर घेण्याचे निर्णय स्वतःच्या हातात घेऊ लागला, तर ती बांधिलकी नव्हे, ताबा आहे. तिथे नम्रपणे पण ठामपणे नाही म्हणा.

राहिली गावची मंडळी. तिच्यावरचा राग मनात ठेवून पुण्यातल्या मंडळीत नाव घालू नका. राग तुमच्याबरोबर इथेही येईल आणि पहिल्याच सभेत डोकं वर काढेल. सुट्टीत गावी गेलात की पाळकसाहेबांना घरी जाऊन भेटा. मी पुण्यात अमुक मंडळीत जाऊ लागलो आहे, तिथल्या पाळकांच्या नावाने पत्र द्या, असं सांगा. त्या पत्रात तुमचा बाप्तिस्मा आणि दृढीकरण, म्हणजे विश्वासाची जाहीर कबुली, कधी झालं, याची नोंद असते. पुढे लग्न ठरलं की ती शोधत गावी पळावं लागत नाही. भांडणात ज्यांच्याशी तुमच्या घरचं बोलणं तुटलं, त्यांच्यापैकी एकाला तरी भेटा. ते कसे वागतील सांगता येत नाही, चहाही विचारणार नाहीत कदाचित. तरी जा. कापणीच्या सणाला आईवडील ज्वारीचं किंवा बाजरीचं पोतं चर्चच्या अंगणात नेतात, तिथे लिलाव होतो, त्याला जमेल तेव्हा हजर राहा आणि बोली लावा. त्या मंडळीने तुम्हाला पहिल्यांदा प्रभूचं नाव शिकवलं आहे.

पाळ्यांचं वेळापत्रक हातात आलं की नेमक्या किती रविवारी मोकळे आहात ते कळवा. जवळच्या दोन-तीन मंडळ्यांच्या उपासनेच्या वेळा त्यावर बसवून पाहू. काही ठिकाणी संध्याकाळचीही उपासना असते, ती तुम्हाला सोयीची पडेल.